मोटारीचा मागचा दिवा

उटण्याचा सुगंध आणि पेट्रोलचा दर्प यांचं आपसांत नातं काय, असं कुणी विचारलं तर भले भले जाणकार कपाळाला हात लावतील. माझ्या नाकात मात्र ही दोन बिऱ्हाडं वर्षानुवर्षं शेजारी शेजारी सुखानं नांदत आली आहेत. कार्तिकातली कोवळी उन्हं उतरली, कुणाच्या न्हाणीघरातून उटण्याचा दरवळ आला, की डोळ्यांपुढे उभी राहते भोरच्या आमच्या परसातली ती काळीभोर मोटार, तिच्या पाठीशी उकिडवी बसलेली जरीकाठी लुगड्यातली एक पोर, आणि त्या पोरीच्या मुखावर विलसणारा तो अगाध, अथांग, निराधार आत्मविश्वास! ती पोर म्हणजे मीच. आज भेटली तर तिचा गालगुच्चा घेईन की कान पिळीन, हे अजून ठरत नाही.

ते संस्थानी दिवस होते. आमच्या घरचे (नाव घ्यायची सवय या वयातही नाही, तेव्हा 'हे'च म्हणते) भोरला वकिली करीत. मोटार हौसेनं घेतलेली. ती चालवायला हे शिकले होते. तिच्या अंतरंगाशी मात्र यांचा परिचय नव्हता. ते सारं शिदबा ड्रायव्हरच्या हाती, आणि शिदबा गेला होता पासलीला, भातकापणीला. लोंब्या पिवळ्या झाल्या की वेल्ह्याच्या डोंगरातला माणूस कुणाचा नोकर राहत नाही, आणि राहूही नये. नेमक्या पाडव्याच्या संध्याकाळी यांना हद्दीच्या नाक्यावर जमादारानं अडवलं. मोटारीचा मागचा तांबडा दिवा गेला होता. आज सोडतो, म्हणाला, पण उद्या अंधारात असे आलात तर वकील असा की आणखी कुणी, मोटार नाक्यावरच मुक्कामाला राहील.

आणि उद्या होती भाऊबीज! नाक्यापलीकडे विंझरला माझा दादा. आईवडिलांमागे मला तो एकटा आणि त्याला मी एकटी. ओवाळायचं तिन्हीसांजेला, म्हणजे परतताना अंधार ठरलेला. दुसऱ्या दिवशी नणंदेकडची मंडळी जेवायला यायची, म्हणजे मुक्कामही अशक्य. यांनी निवाडा दिला की शिदबा आल्यावर पाहू. सासूबाईंनी त्यावर शिक्का मारला. "चंद्राला ओवाळ," त्या म्हणाल्या. "तोही भाऊच."

आता भाऊ नसलेल्या बायकांनी चंद्राला ओवाळावं ही रीत मोठी गोड आहे, मला ती फार आवडते. पण विंझरला धडधाकट, मिशाळ, माझ्या हातच्या करंज्यांची वाट पाहणारा भाऊ बसलेला असताना मी आकाशाकडे बघत ताम्हण का फिरवावं? डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागोमाग आला अहंकार. पुण्याच्या मुलींच्या शाळेत विजेवरचा धडा मी तोंडपाठ म्हटला होता. सबंध भोरात विद्युत्प्रवाहाची व्याख्या सांगू शकणारी सून दुसरी कोण होती? पदर खोचला आणि जाहीर केलं की दिवा मी बदलते.

हत्यारांच्या पेटीत शिदबानं बिस्किटाच्या डब्यात, कापसाच्या गादीवर, नवा बल्ब निजवून ठेवला होता. बाळंतिणीच्या खोलीतही इतकी निगुती दिसत नाही. तांबड्या भिंगाचा स्क्रू सुटला, आणि आत जुना बल्ब दिसला, काळवंडलेला, आतली तार तुटलेला. मी त्याला फिरकीच्या तांब्यासारखा फिरवू लागले. तो हलेना. ओढला, निघेना. हे शेजारी हात मागे बांधून उभे राहिले आणि काच फुटल्यास जबाबदारी कोणाची, याचा ऊहापोह करू लागले. अखेर माझ्या लग्नातल्या पेटीचं कुलूप आठवलं. त्याची किल्ली आत दाबल्याशिवाय वळतच नसे. बल्ब दाबला, वळवला, आणि तो अलगद हातात आला! त्या क्षणी शास्त्राची अधिष्ठात्री देवता माझ्यावर पुष्पवृष्टी करते आहे, असा मला भास झाला.

तिथंच थांबले असते तर शहाणी ठरले असते. पण नवा दिवा, तोही दिवाळीत! आमच्याकडे नवी समई असो की पणती, हळदकुंकू आणि तेलाचं बोट लागल्याशिवाय तिला ज्योत दाखवत नसत. सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि भिंगाच्या कडेला त्यांनी बोट टेकवलं. तेलाचं बोट मी लावलं. थोडंथोडकं नव्हे, बल्बच्या पितळी बुडाला चांगलं माखून, तो बसतो त्या खोबणीतही ओघळेल इतकं! विजेचा धडा तोंडपाठ असलेल्या त्या विदुषीला एवढं सुचू नये की विजेला तेल प्यायची सवय नाही? पण हाताला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय असते, आणि पाठांतर बिचारं जिभेपलीकडे उतरत नाही.

यांनी कळ दाबली. पुढचे दोन्ही दिवे भर दुपारी डोळे वटारून बसले. मागचा दिवा काही लागला नाही.

उन्हं कलायला लागली होती. आता निघालो नाही तर तिन्हीसांज विंझरला गाठणं कठीण. हे हळूच म्हणाले, राहू दे. त्या मायेच्या शब्दानं मला जास्तच रडू आलं. दादा पाटावर बसलाय, उंबऱ्याकडे पाहतोय, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना.

सासूबाई मात्र खाली वाकल्या होत्या. एका हातानं मोटारीचा आधार घेऊन त्यांनी बल्बच्या त्या खोबणीत डोकावून पाहिलं. आत पितळ हिरवं पडलेलं, त्यावर माझं तेल चकाकत असलेलं. "हे काय गं," त्या म्हणाल्या, "देवाच्या उपकरण्यांवर असा कळक चढू देशील का तू? चिंच आण."

मी धावले. चिंच, चुलीतली राख आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. यांनी कळ बंद केली की नाही, हे मी तीनदा विचारून घेतलं. हुशारीचा तेवढा अंश शिल्लक होता. अंबाड्यातल्या आकड्याला चिंधी गुंडाळून सासू आणि सून मोटारीच्या पाठीशी गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि पितळ घासू लागलो. हिरवा रंग गेला, पिवळा आला, मग सोन्यासारखा झाला. घासता घासता त्या सहज म्हणाल्या, "माझा भाऊ तिकडे लांब राजापूरला. लग्न झालं तेव्हापासून चंद्रालाच ओवाळतेय मी." बस्स, एवढंच. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मी मान वर केली नाही, पण माझं बोट मात्र अधिक जोरानं चालू लागलं. ज्या बाईला मी कठोर म्हणत होते, तिनं आपल्या रुक्ष सल्ल्यात आयुष्यभराचा उपाय मला देऊ केला होता, हे तेव्हा कुठं कळलं!

तेल पुसलं, चिंचेचा ओलावा टिपला, सारं कोरडं खडखडीत केलं. दाबून वळवलं. आणि त्या तांबड्या भिंगाआड माणकाचा खडा फुलावा तसा दिवा लागला! सासूबाईंनी हात जोडले. त्यांच्या धाकानं मीही जोडले, आणि भोरचे एक नामांकित वकील आपल्या मोटारीच्या बुडाला वाकून नमस्कार करताना मी याचि डोळा पाहिले.

नाक्यावर जमादारानं दिवा लावून दाखवायला सांगितलं. निरखून पाहिलं. मग म्हणाला, "कुंकू बी लावलंया. आता कसं न्हाई म्हनू? जावा."

दादाला मी वेळेवर ओवाळलं. काय सांगू त्या सांजेचं! करंज्या, हसणं, मी दिवा कसा लावला याची माझ्या तोंडची बहादुरीची आवृत्ती, आणि तीत यांनी अधूनमधून घातलेली तेलाची धार. निघताना दादा रस्त्यापर्यंत आला. आजवर तो निरोप देऊन लगेच वळायचा. तेव्हाची आमची बैलगाडी काळोखात शिरली की बघायला उरत काय? त्या दिवशी म्हणाला, "तू जा. दिवा दिसतोय तोवर मी उभा आहे."

मी खिडकीतून मागे वाकले. मला काहीच दिसेना, ना दादा, ना माझा दिवा. फक्त चाकांमागची धूळ तेवढी लालसर झालेली. माणूस स्वतःपुढे उजेड पाडीत जन्मभर चालतो. पण मागे राहिलेल्यांना आपण कुठवर दिसत राहतो, हे त्याचं त्याला कधी कळतं का? हे म्हणाले, आत बस, पडशील. मी बसले नाही. दूर वळणापर्यंत तशीच वाकून राहिले, आणि घरी गेल्यावर सासूबाईंना राजापूरला कसं न्यावं, याची शिदबाशी काय खलबतं करायची, ते मनात जुळवीत राहिले.