पूजेतला पाना

पोलिसाच्या नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले आणि विसरलोही. पण नव्वदच्या दशकातल्या एका दसऱ्याचं वसईतलं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही, कारण त्यातली माणसं अजून तिथेच राहतात.

दुपारी ठाणे अंमलदाराने अपघाताची वर्दी घेतली. हायवेवर वालीवच्या वळणाला एक मोटार खड्ड्यात आदळली आणि जागच्या जागी बंद पडली. चावी फिरवली तर टकटकसुद्धा नाही. हॉर्न नाही, दिवे नाहीत. ढकलून बाजूला घ्यायच्या आत मागून टेम्पोने ठोकर दिली. नवरा-बायको खरचटण्यावर निभावले, पण मागे बसलेल्या सहावीतल्या मुलीचा पाय मोडला. ती त्या बायकोच्या थोरल्या बहिणीची मुलगी, सुट्टीसाठी मावशीकडे फुलपाड्याला निघाली होती.

पंचनाम्यात बॉनेट उघडलं. बॅटरीची निगेटिव्ह वायर निखळून पडली होती. क्लॅम्पचा नट इतका ढिला, की बोटाने फिरत होता.

संध्याकाळी मुलीचा बाप ठाण्यात आला. गाडीवाल्याचा हा थोरला साडू, वालीवच्या एका कारखान्यात फिटर.

"साहेब, पक्की खबर देतो. माणिकपूरच्या गॅरेजवाल्याने गेल्याच आठवड्यात ती बॅटरी बदलली. त्यानेच नट ढिला सोडला. आत टाका त्याला, माझ्या पोरीचा पाय मोडलाय!"

बापाचा संताप खराच होता. मी गॅरेजवाल्याला आणून बसवला. तो रडकुंडीला आला. "साहेब, ढिला असता तर आठवडाभर गाडी धावली असती का? माझ्यावर केस झाली तर उद्या कोण येईल माझ्याकडे?"

मुद्दा बिनतोड होता. सकाळी मी पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं. नटाच्या कडांना लाल-पिवळं काहीतरी चिकटलेलं दिसलं. नखाने खरवडलं, तर हळद-कुंकू! गाडीवाला म्हणाला, "गाडीची पूजा सासूबाईंनी केली, पण वरूनच. बॉनेट कोणी उघडलंच नाही." गाडी पूजेनंतर दुपारपर्यंत सासुरवाडीतच उभी होती. चावी ओटीवरच्या खुंटीला.

मी तडक सासुरवाडी गाठली. वसईतली जुनी बागायतदार माणसं. देवासमोर कोयते, फावडी आणि विहिरीच्या पंपाचे पाने झेंडूची फुलं घालून मांडलेले होते. एका पान्याच्या तोंडावरचं कुंकू मात्र पुसलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "मांडलेल्या हत्याराला दुसऱ्या दिसापर्यंत हात लावीत नाय आमच्याकडं. तो पाना काल बाजूला पडलेला. मीच परत ठेवला. कोनी उचलला, देव जाने."

देवाला कशाला त्रास? त्या दिवशी त्या घरात पूजेबाहेर एकही पाना नव्हता. ज्याला हवा होता, त्याला तिथूनच उचलावा लागला. आणि पाना धरता येणारा माणूस तर आपणहून माझ्याकडे खबर द्यायला आला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

थोरल्या जावयाला बोलावलं, चहा पाजला आणि त्याच्यासमोर गाडीचं कौतुक सुरू केलं. रंग काय, सीट काय, धाकट्या जावयाने नाव काढलं! पाच मिनिटांत त्याने कप आपटला.

"पंधरा वर्षं या घराचा जावई आहे मी! सासऱ्यांचा प्रत्येक दवाखाना माझ्या स्कूटरवर झाला. काल सासूने त्या गाडीला हार घातला आणि माझ्या स्कूटरवर उरलेल्या दोन पाकळ्या टाकल्या. दोन पाकळ्या, साहेब!"

मग सगळं बाहेर आलं. सगळ्यांसमोर गाडी चालू होऊ नये, लोकांनी हसावं, एवढाच डाव होता. पण वायर टेकलेलीच राहिली आणि गाडी चालू झाली.

"आणि पोरगी आत बसली तेव्हा?"

तो मान खाली घालून म्हणाला, "थांबवलं असतं, तर का थांबवतो ते सांगावं लागलं असतं."

माझा हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू? गॅरेजवाल्याला सोडलं, याच्यावर गुन्हा नोंदवला आणि जबाबासाठी हॉस्पिटलात गेलो. मुलगी प्लास्टरमध्ये, उशाशी आई. आईच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"गॅरेजवाल्या काकांना सोडलं का?" मुलीने विचारलं. सोडलं म्हटल्यावर ती म्हणाली, "मग नट कोणी ढिला केला?"

 आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुझ्या बाबांनी."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे मी पुढेही पाहिले. जळणं कोणाला चुकत नाही, आणि त्या दोन पाकळ्या मलाही टोचल्या असत्या. पण लाज गिळून "उतर" एवढा एक शब्द तो बोलला असता, तर घरात थोडी खसखस पिकली असती आणि त्याची पोरगी संध्याकाळी सोनं वाटत फिरली असती.