सगळं घेशील तर कमी करीन

त्या व्हिडिओत माझे फक्त हात दिसणार होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात मी सगळ्यांना सांगत फिरले की पोरीने मला फसवलं. पण ती माझ्याकडे आली तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं होतं, "मावशी, चेहरा नको. फक्त हात आणि पायली."

मी सुकी मासळी विकते. आमचं गाव डहाणूच्या उत्तरेला, नरपड-चिखल्याच्या बाजूला. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याकडे ना होडी होती, ना वलांडी. दुसऱ्यांच्या वलांडीवर, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या बांबूच्या मांडवावर, मी मजुरीने बोंबील अडकवले. मग डोक्यावर पाटी घेऊन तलासरीच्या आठवडी बाजारात जायला लागले. तिथे बसायच्या जागेसाठी बाजाराच्या ठेकेदाराशी भांडले, एकदा त्याची छत्री मोडली, पण जागा घेतली. पुढे गावातल्या निम्म्या बाया आपला सुका माल माझ्या हाती द्यायला लागल्या. माझा राग लवकर चढतो आणि भाव करताना मी कोणाची भीड ठेवत नाही. म्हणून तर बंदराच्या कामासाठी वाळवणाची जागा मोजायला साहेब येणार असं कळलं, तेव्हा बायांनी एकमताने ठरवलं की त्यांच्यासमोर आपल्या वतीने मीच बोलायचं. ती जागा गेली तर बोंबील वाळवायचे कुठे, एवढाच प्रश्न होता. आमच्याकडे दुसरी जागा नाही.

पोरगी आली ती साहेब यायच्या दोन महिने आधी. तलासरीजवळच्या पाड्यावरची, माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाची नात. म्हातारीचं अर्धं शेत रस्त्यात गेलं तेव्हापासून ही कॉलेजातली पोरगी रॅप करायला लागली होती. रस्ता, बंदर, जमीन यांच्यावर तिला हिपहॉपचा व्हिडिओ करायचा होता, आणि त्यासाठी वलांडी, माझी मापाची पायली आणि माझे हात हवे होते.

मी मनात म्हटलं, नुसते हात दिसले तर ते माझे हे कोणाला कळणार? हिला सगळं फुकट आणि मला काय?

"हात दाखवायचे तर तोंडही दाखव," मी म्हटलं. "आणि शेजारी माझी बोंबलाची पाटी. नाहीतर दुसरी बाई बघ."

"मावशी, तुम्हाला नंतर त्रास होईल."

"मला त्रास देणारा अजून जन्माला यायचाय."

तिने बरोबरच्या पोरांकडे पाहिलं. त्यांच्यात काहीतरी कुजबुज झाली. मग ती म्हणाली, "बरं, चेहरा घेऊ." त्या दिवशी मी खुशीत घरी गेले. फुकटात जाहिरात मिळाली होती.

चित्रीकरणाच्या दिवशी त्यांनी रिकाम्या वलांडीवर बोंबलांच्या जागी कपडे टांगले. सदरे, लुगडी, शाळेचे फ्रॉक. वाऱ्यावर ते सगळे एका बाजूला झुकत होते. एक पोरगा तोंड झाकून, पिवळं हेल्मेट घालून माझ्यासमोर बसला. मी त्याला पायलीने वाळू मोजून द्यायची होती. मला वाटलं, मासळीचा वास कॅमेऱ्याला लागेल म्हणून वाळू घेतली असेल. खरंच वाटलं. बोलायचं काय असं विचारलं तर पोरगी म्हणाली, "बाजारात बोलता तेच."

मग मी बाजारात बोलते तेच बोलले. "घे रे घे, बघत काय बसलास! सगळं घेशील तर कमी करीन."

व्हिडिओ आला तेव्हा माझं हे वाक्य त्यात पुन्हा पुन्हा वाजत होतं. पोरगी तलासरीच्या रस्त्यावर उभी राहून भराभर काहीतरी म्हणते, मधेच ढोल वाजतो आणि माझं तोंड येतं. हेल्मेटवाला वाळू घेतो, मग माती घेतो, मग मी त्याला पायलीने समुद्राचं पाणी मोजून देते. हे पाणी आम्ही ओहोटीला भरून आणलं होतं, तेव्हाही मी काही विचारलं नव्हतं. शेवटी वलांडीवरचे कपडे खाली पडतात आणि मी एकटी हसत बसलेली दिसते.

तलासरीच्या बाजारात पोरी माझ्यासोबत फोटो काढायला लागल्या. "समुद्र विकणारी बाई हीच गं!" त्यांना माझा राग नव्हता, मजा वाटत होती. उंबरगावचा व्यापारी माझ्याकडून घाऊक जवळा घेतो, तो म्हणाला, "मासी, तमे तो हिरोइन थई गयां!" त्याला त्यात बंदर दिसलं नाही, रस्ता दिसला नाही, फक्त मी दिसले. माझी लेक सासरहून फोनवर मला समजवायला लागली.

"आई, ते प्रतीक आहे. ती बाई म्हणजे तू नाहीस."

"अख्ख्या किनाऱ्याला माझं तोंड दिसतंय आणि मी ती नाही?"

मी फोन बंद केला.

मग म्हातारी आली. तिला पाहताच मी बाजारात सगळ्यांसमोर ओरडले, "तुझ्या नातीने माझं तोंड काळं केलं! एवढ्या वर्षांची ओळख, हे फळ दिलंत?"

म्हातारी शांतपणे खाली बसली. पदरातून पैसे काढत म्हणाली, "मला ते गाणं काय कळत नाय, बाय. पण तुझं हसणं वळखलं मी. भात मोजताना तू अशीच हसायचीस."

आमच्यात पूर्वी पैशांचा व्यवहार नव्हता. ती भात आणायची, मी जवळा द्यायचे, दोन्हीला पायली एकच. भात घेताना मी पायलीवर शीग लावून, काठाच्या वर ढीग करून घ्यायचे, आणि जवळा देताना वरून हात फिरवून सपाट करायचे. सगळ्याच जणी असंच करायच्या. तिने कधी तक्रार केली नाही, म्हणून मला वाटायचं तिला कळत नाही. बरोबर एक लहान नात असायची. ती माझ्या हातांकडे बघत बसायची.

तेव्हा मला कळलं की पोरीला आधी फक्त हात का हवे होते. माझा राग त्याने उतरला नाही, वाढलाच. त्या दिवशी मी म्हातारीला जवळा दिला आणि हात फिरवला, नेहमीसारखा.

गावात मात्र त्या व्हिडिओची कोणाला मजा वाटली नाही. माझी धाकटी जाऊ गरीब स्वभावाची, कधी वर मान करून बोलायची नाही. तिने पाण्याच्या नळावर सगळ्यांदेखत विचारलं, "जाऊबाई, त्यांनी तुम्हाला किती दिले?"

"काही नाही दिलं."

"मग फुकटात विकलंत?"

बाया हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी भांडले असते. एकीने सुचवलं की साहेबांसमोर दुसरं कोणीतरी बोलू दे. तेव्हा जाऊच म्हणाली, "नको. त्यांनाच बोलू दे. काय ते सगळ्यांसमोर होऊन जाईल." मला तो टोमणा वाटला. आजही वाटतो. पण कदाचित ती माझी बाजू घेत असेल, मला सांगता येत नाही.

मी तयारी केली. कोणती वलांडी कोणाच्या सासऱ्याने बांधली, कोणाचं घर किती पिढ्या त्या जागेवर बोंबील वाळवतं, सगळं तोंडपाठ. साहेब शाळेच्या वर्गात बसले होते, बाजूला कारकून कागद घेऊन. बाया दाराशी आणि खिडक्यांशी. माझी पाळी आली तशी मी उभी राहिले. साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि ओळखीचं हसले.

"अरे, या तर व्हिडिओवाल्या मावशी! काय मावशी, सगळं घेतलं तर कमी करणार ना?"

कारकून हसला. खिडकीतून कोणीतरी हसलं, ती आमचीच बाई होती.

"गंमत केली हो," साहेब म्हणाले. "बोला, तुमची अपेक्षा काय आहे?"

इतकी वर्षं मी बाजारात बसते. गिऱ्हाईक नुसतं मालाकडे बघत असतं, तोवर माल आपला असतो. त्याने 'काय पाहिजे' विचारलं आणि आपण काहीही बोललो, दुप्पट बोललो, दसपट बोललो, तरी माल विकायला काढलाय हे ठरलं. मग उरते फक्त घासाघीस. माझ्या तोंडात शिवी आली होती आणि मागोमाग सगळ्या वलांड्यांचा हिशेबही आला होता. मी दोन्ही गिळलं. ज्याला माल द्यायचाच नाही, त्याच्यासमोर मी तोंड मिटून बसते, तो कंटाळून उठून जातो. तशीच उभी राहिले. साहेबांकडे रोखून पाहत, एक शब्द न बोलता.

साहेब काही कंटाळले नाहीत. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, कारकुनाला खूण केली आणि पुढचं नाव पुकारलं. कारकुनाने काय लिहिलं ते नंतर कळलं. 'महिलांच्या वतीने कोणतेही म्हणणे मांडण्यात आले नाही.'

बाहेर आल्यावर जाऊ मला म्हणाली, "एरवी कोणाची कोंबडी अंगणात आली तरी अर्धा दिवस भांडता. आजच वाचा गेली?"

"बोलले असते तर विकलं गेलं असतं."

"आता नाही का गेलं?"

तिला बाजार कळत नाही. मी तिला हे कितीदाही समजावलं असतं, पण त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.

पावसाच्या आधी वाळवणाच्या जागेवर खुंट्या ठोकल्या, वरून लाल रंग दिलेल्या. एक बरोबर माझ्या वलांडीच्या पायाशी आहे. बाया आता मला माल देत नाहीत. पोरीने एकदा निरोप पाठवला होता की व्हिडिओतून माझं तोंड काढता येईल. मी उलट निरोप धाडला की आता राहू दे, काढून काय करायचंय.

तलासरीच्या बाजारात माझी जाऊ आता स्वतः येते. माझ्यासमोरच्या रांगेत बसते, ओरडता येत नाही, तरी तिच्यापुढे गर्दी असते. म्हातारीही तिच्याकडेच जाते. जाऊ पायली भरते, वर शीग लावते, शिवाय मूठभर वरून घालते. अशाने तिला कधीच परवडणार नाही, हे मी इथून बसल्या बसल्या सांगू शकते. पण खुंट्या ठोकल्यात. वाळवायची जागा गेली की पुढे द्यायला जवळाच नसेल. तोवर लावू दे शीग.