क्लिओचा शनिवार

आमच्या गावात अजूनही काही शहाणे आहेत, जे म्हणतात की त्या वर्षी बगळे, म्हणजे आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ, घरच्या मैदानावर हरले ते मिस ओझेलामुळे. माझ्या दुकानात येऊन असं कुणी बोललं तर मी त्याला टोपी विकत नाही. आणि माझं पोट बगळ्यांच्या टोप्या विकूनच भरतं, तेव्हा काय ते समजा.

कार्व्हर्स फोर्ड हे कॉलेजचं गाव. एरवी मेन स्ट्रीटवर कुत्रं आडवं पडलं तरी गाड्या त्याला वळसा घालून जातात. फुटबॉलच्या शनिवारी मात्र सगळ्या जॉर्जियातून लोक लोटतात. नारिंगी शर्ट, डोक्याला बांधलेली कापडी चोच, पदपथावर पेटलेल्या शेगड्या, सकाळी सकाळीच उघडलेली बिअर. बँकेचा मॅनेजरसुद्धा बगळ्यासारखा एका पायावर उभा राहून किंचाळतो. म्हणून सामन्याच्या शनिवारी इथे कुणी लग्न ठरवत नाही, बाप्तिस्मा ठरवत नाही, आणि शक्यतो मरतही नाही. कुणी मेलंच तर त्याला सोमवारपर्यंत थांबवतात.

लग्न झालेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात. मिस ओझेला स्ट्राउड यांची खाणावळ माझ्या दुकानाच्या बरोबर समोर. आत चुलीशी त्या, आणि मागच्या अंगणात धुराच्या भट्टीशी त्यांचा नवरा क्लिओ. डुकराचं मांस मंद धुरावर इतकं मऊ करायचा की दात नसलेले म्हातारेही त्याच्यासाठी रांग लावायचे. भट्टीवर खिळ्याला त्याचा रेडिओ टांगलेला असायचा. क्लिओ बगळ्यांचा भक्त, पण सामना त्याने डोळ्यांनी कधी पाहिला नाही. लहानपणी त्याच्या रंगाच्या माणसाला स्टेडियमच्या फाटकातून आत सोडत नसत, तेव्हा तो कुंपणाबाहेर उकडलेल्या शेंगा विकायचा. पुढे फाटक उघडलं, पण तोवर खाणावळ झाली होती, आणि शनिवारी खाणावळ सोडून जाणार कोण? सामना सुरू होताना स्टेडियमवर तोफ उडते. तिचा आवाज आला की क्लिओ हातातला चिमटा खाली ठेवायचा, रेडिओ मोठा करायचा आणि म्हणायचा, "चला, आता घटकाभर कुणाला भूक लागणार नाही." तेवढीच त्याची विश्रांती.

या दोघांचं सगळं आयुष्य सामन्यांच्या वेळापत्रकाने ठरवलं. लग्न नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ठरलं होतं, पत्रिकाही छापून झाल्या होत्या. मग वेळापत्रक आलं आणि पाद्रीबुवांनीच हात वर केले. लग्न लागलं गुरुवारी संध्याकाळी, पाहुणे कामावरच्या कपड्यांत. मुलगी रोझलिन जन्मली ती सामन्याच्या गर्दीत अडकलेल्या पिकअपमध्ये. क्लिओची आई गेली तेव्हा तिलाही सोमवारपर्यंत थांबवलं. मिस ओझेलांनी कधी तक्रार केली नाही. पण बाई काही विसरल्याही नाहीत.

मग एका ऑक्टोबरात क्लिओ गेला. भट्टीपाशी खुर्चीत बसल्या बसल्याच गेला. डोळे पुसायच्या आधी मिस ओझेलांनी भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं, इथला कुठलाही जाणता माणूस पाहील तसं. त्या शनिवारी बगळे दूर समुद्रकाठच्या गावी खेळणार होते. म्हणजे आमचं गाव मोकळं. चर्चमध्ये सकाळी दहाला प्रार्थना आणि नंतर टेकडीवर दफन असं ठरलं, वर्तमानपत्रात छापूनही आलं.

आणि समुद्राकडे वादळ आलं. तिकडच्या स्टेडियममध्ये गुडघाभर पाणी साचलं, आणि गुरुवारी बातमी आली की सामना आता कार्व्हर्स फोर्डला होईल. शनिवारी. तोफ बाराला.

त्याच दुपारी आम्ही चार माणसं खाणावळीत जमलो, बाईंना समजवायला. खाणावळ बंद होती, पण टेबलं भरलेली होती. दुःखाच्या घरी अन्न नेण्याची आमच्याकडे रीत आहे. गावाला जन्मभर जेवू घालणाऱ्या बाईला काय न्यावं हे न सुचून सगळ्यांनी तळलेली कोंबडीच आणली होती. मिस ओझेला एकेका भांड्यातला तुकडा चाखून बघत होत्या.

"मीठ कमी," त्या म्हणाल्या. "ही नक्की बँकेतल्या बाईची. बोला, कशाला आलात?"

अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे म्हातारे हॉझिया गेदर खाकरले. "ओझेला, सोमवारी करू. मी क्लिओला नीट ठेवीन, तू काळजी करू नकोस."

"शनिवारी."

"अहो, क्लिओ केवढा भक्त बगळ्यांचा!" रेव्हरंड बायनम म्हणाले. "तो असता तर तोच म्हणाला असता, आधी सामना होऊन जाऊ दे."

"म्हणाला असताच," मिस ओझेला म्हणाल्या. "जन्मभर तेच म्हणत आला. म्हणून तर आता त्याला विचारत नाहीये."

पोलीस कॅप्टन टॉलिव्हर टोपी हातात घेऊन उभा होता. तो खुर्ची ओढून बसला. "मिस ओझेला, स्मशान स्टेडियमच्या पलीकडे टेकडीवर. मेन स्ट्रीट शनिवारी सकाळपासून गाड्यांना बंद. कॉलेजचा बँड स्टेडियमकडून निघून त्याच रस्त्यावर वाजतगाजत फेरी मारून परत स्टेडियमला जाणार. मी काय म्हणतो, तुम्हाला गावाबाहेरच्या रस्त्याने नेतो ना. पुढे मोटारसायकल देतो, दिवा लावून. कचरा डेपोच्या मागून वळलं की थेट टेकडी."

बाईंनी हातातलं हाड बशीत ठेवलं. "कशाच्या मागून?"

टॉलिव्हर टोपीकडे बघू लागला.

"तू शाळेत होतास तेव्हा क्लिओच्या भट्टीशी बसून पोटभर खायचास, टॉलिव्हर. तेव्हा तो कधी म्हणाला का तुला, जा, डेपोच्या मागून जा?"

"पण नियम आहे, मिस ओझेला. रस्ता बंद म्हणजे बंद."

"आणि शववाहिका आली की सगळ्यांनी बाजूला थांबायचं, ते काय आहे?"

"ती... ती रीत आहे."

"मग बघू या शनिवारी, कोण मोठं ते."

आता बोलायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "मिस ओझेला, अहो स्टेडियमभर माणसं रस्त्यावर असणार. निम्मी पिऊन तर्र. कुणी बोंबललं, कुणी शवपेटीवर बिअर सांडली, तर जन्मभर मनात राहील तुमच्या. उद्या तुम्हालाच वाटेल की सोमवार बरा होता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. भीती त्यांनाही वाटत होती, ते डोळ्यांत दिसलं. पण आवाजात नाही.

"डेलबर्ट, काळी पँट आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"पेटीला सहा माणसं लागतात. एक तू. आणि ती चोचीची टोपी घालून येऊ नकोस."

झालं. पालथ्या घड्यावर पाणी. धंद्याच्या ऐन दिवशी दुकानाला कुलूप लावायला मला सांगितलं गेलं होतं आणि नाही म्हणायची माझी टाप नव्हती. रेव्हरंड बायनम बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाई हट्टी आहे रे." मी म्हणालो, "गुरुवारी लग्न लागलेली बाई आहे, रेव्हरंड." त्यांनी विषय बदलला.

आमच्याकडे शववाहिका दिसली की समोरून येणारी गाडीसुद्धा कडेला थांबते आणि मागची शेवटची गाडी जाईपर्यंत हलत नाही. शेतातला माणूस ट्रॅक्टर बंद करून टोपी काढतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पण सामन्याच्या शनिवारी या रीतीची परीक्षा आजवर कुणी घेतली नव्हती, आणि ती क्लिओच्या पेटीवर घेतली जाणार होती.

शनिवारी चर्चमध्ये कोण येणार म्हणून मी धास्तावलो होतो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. खाणावळीत कधीकाळी भांडी घासलेली पोरं, आता पोक्त झालेली, लांब लांबून आली होती. कित्येकांच्या काळ्या कोटाच्या खिशातून सामन्याचं नारिंगी तिकीट डोकावत होतं. प्रार्थना झाली, पेटी शववाहिकेत ठेवली, मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग लागली. उंच हॅट घातलेले गेदर रिवाजाप्रमाणे काठी टेकत शववाहिकेच्या पुढे चालू लागले.

मेन स्ट्रीटच्या तोंडाशी लाकडी अडसर होता आणि शेजारच्या जिल्ह्यातून बंदोबस्ताला आणलेला एक पोलीस. त्याने हात वर केला. "रस्ता बंद आहे. बाहेरून जा." त्याच्यामागे सगळा रस्ता नारिंगी होता. गाणी, धूर, आरडाओरडा. गेदर तिथेच थांबले आणि मागे वळून बघू लागले.

मागच्या गाडीचं दार उघडलं. मिस ओझेला उतरल्या.

"आई, आत बस!" रोझलिन ओरडली. "चेंगरशील त्या गर्दीत!"

"याच गर्दीत जन्मलीस तू. गप्प बस," बाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या आणि गेदरांच्या हातातून काठी घेतली. "हॉझिया, तुम्ही गाडीत बसा. तुमचे गुडघे गेले, माझे अजून आहेत." मग पोलिसाकडे वळल्या. "बाळा, हा माझा नवरा. याला टेकडीवर न्यायचंय."

"बाई, मला हुकूम आहे की..."

बोलता बोलता त्याची नजर काचेतून पेटीवर गेली आणि हात आपोआप टोपीकडे गेला. आता टोपी काढलेल्या माणसाने हुकूम कसा सांगायचा? त्याने टोपी काखेत मारली, मान खाली घातली आणि अडसर बाजूला ओढला.

मिस ओझेला चालू लागल्या. काळी हॅट, पांढरे हातमोजे, काठी. मागे शववाहिका, मग रोझलिनची गाडी, तिच्या मागच्या गाडीत आम्ही पेटी उचलणारे. मी काच खाली केली. पहिला भेटला तो शेगडीवर सॉसेज परतणारा एक जाडजूड गडी, पाठमोरा, कंबर हलवत गाणारा. तो वळला. बाईंना पाहिलं, मागची गाडी पाहिली. त्याने चोच काढली, छातीशी धरली आणि दुसऱ्या हाताने शेगडीवर झाकण टाकलं.

त्याच्या शेजारच्याने काढली. मग त्याच्या पलीकडच्याने. कुणीतरी कर्ण्यावरचं गाणं बंद करायला धडपडत होतं आणि बटण सापडत नव्हतं. एका बाजूने एक झिंगलेला "बगळेऽऽ" म्हणून ओरडला, तर त्याच्याच बायकोने त्याच्या तोंडावर हात दाबला. "गप मेल्या, मिस ओझेला आहेत." आणि मग कुजबुज पुढे पुढे सरकत गेली. "क्लिओ. अरे, भट्टीवाला क्लिओ." आमच्या पुढे गोंगाट होता आणि आम्ही पोचू तिथे शांतता होत होती. टक्कल पडलेली, घामेजलेली, चोचीचा वळ उठलेली डोकी दोन्ही बाजूंना उघडी उभी होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

स्टेडियमच्या अलीकडे, रस्ता अरुंद होतो तिथे, समोरून बँड आला. ढोल, तुतारी, रस्ता भरून. मागे वळायला त्यांना जागा नव्हती, आम्हालाही नव्हती. मिस ओझेला थांबल्या नाहीत. बँडच्या पुढे इशाऱ्याचा दंड घेऊन चालणारी मुलगी होती, तिने बाईंकडे पाहिलं आणि दंड उभा धरला. ढोल तुटल्यासारखे बंद पडले. मग तिने दंड आडवा केला आणि अख्खा बँड दुभंगून दोन्ही पदपथांवर जाऊन उभा राहिला. पिसांच्या टोप्या काखेत गेल्या. आम्ही त्यांच्यामधून गेलो तेव्हा फक्त बाईंच्या काठीचा आवाज येत होता.

शववाहिका गेली, पण मागे गाड्या होत्या, आणि त्यांच्यामागे आणखी गाड्या. शेवटची गाडी जाईपर्यंत हलायचं नाही ही रीत, आणि बँड जागचा हलला नाही. बँड नाही म्हणजे राष्ट्रगीत नाही, आणि राष्ट्रगीत नाही म्हणजे सामना नाही. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ते आलं टेकडीवर. तिथून स्टेडियम खाली वाडग्यासारखं दिसतं. बारा वाजत आले होते आणि रेव्हरंड बायनम घाईने वाचत होते. बिचाऱ्यांना वाटत होतं, तोफेच्या आवाजात शेवटचे शब्द बुडू नयेत.

"सावकाश, रेव्हरंड," मिस ओझेला म्हणाल्या. "सगळं वाचा. एक ओळ सोडू नका."

त्यांनी सगळं वाचलं. बारा वाजून गेले. जो तो चोरून घड्याळाकडे बघत होता, मग खाली स्टेडियमकडे. तोफ उडाली नाही. आम्ही पट्टे धरले आणि क्लिओला खाली सोडलं. तोफ उडाली नाही. मिस ओझेलांनी हातमोजा काढला, मूठभर लाल माती घेतली आणि हळूच टाकली. मग रोझलिनने टाकली, गेदरांनी टाकली, मी टाकली. खालून बँडचे सूर ऐकू आले, म्हणजे तो आत्ता कुठे पोचला होता. राष्ट्रगीत सुरू झालं, संपलं.

मग तोफ उडाली. टेकडीवरची पाखरं उठली.

मिस ओझेला खड्ड्याच्या कडेला काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी माती लागलेला हात पदराला पुसावा तसा काळ्या कोटाला पुसला आणि खाली बघत म्हणाल्या, "ऐकलंस? थांबले होते तुझ्यासाठी." मग वळून आम्हाला म्हणाल्या, "खेळा म्हणावं आता."