भिवाजीशेटची रिव्हर्स

मानपाड्याच्या भिवाजी भोईरला गाडी पुढे चालवताना बघाल तर म्हणाल, गडी कसलेला आहे. मागे घेताना मात्र बघू नका. त्याची रिव्हर्स जन्मभर चालवली ती चंद्रभागावहिनीनं, तीही गाडीच्या मागे रस्त्यात उभं राहून. "येव द्या... येव द्या... थांबा, दिसत नाय का?" हे कानावर आलं की आमच्या आख्ख्या आळीला कळायचं, भिवाजीशेट घरी आले.

म्हणून यंदा त्यानं मागे कॅमेरा असलेली नवी गाडी घेतली आणि बायकोला चारचौघांत बजावलं, "आता तू तोंड उघडायचं नाय." वर पैज मारली, की लेकीच्या, दक्षताच्या हळदीला कोलशेतच्या व्याह्यांना नाक्यावरून बसवून गाडी उलटी थेट मांडवापर्यंत नेणार. आणि आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. तिथे गेलेली अब्रू लग्नातही परत मिळत नाही.

पण गाडीच्या पडद्यावर सगळं मळकट. कुत्रा कुठला नि कुंडी कुठली, कळेना. तणतणत गेला मितेशच्या गाडी-सजावटीच्या दुकानात. "माझ्या फोनात माशीची मिशी दिसते, आणि एवढ्या महागड्या गाडीत धुकं?"

मितेश म्हणाला, "काका, फोन तुम्ही खिशात जपता, दोन-तीन वर्षांत बदलता. हा बिचारा कॅमेरा बाहेर लटकून ऊन, चिखल, खड्डे सोसतो, आणि गाडी भंगारात जाईपर्यंत टिकायला हवा. गाडी बाजारात यायच्या कितीतरी आधी तो ठरलेला असतो. त्याचं काम एकच, मागे काय आहे ते ताबडतोब दाखवायचं. सुंदर दाखव म्हणून कोण सांगतं? गाडी घेताना तुम्ही काय विचारलंत?"

"सनरूफ," भिवाजी पुटपुटला.

"मग कंपनीनं पैसा तिकडेच घातला."

यातलं 'ताबडतोब' भिवाजीच्या डोक्यात शिरलं नाही. हळदीच्या दिवशी त्यानं डिकीवर एक फोन चिकटपट्टीनं बांधला, त्यावरून पुढच्या फोनला व्हिडिओ कॉल लावला आणि व्याही तानाजीरावांना शेजारी बसवलं. चित्र असं झकास, की तानाजीराव तोरणाची पानं मोजायला लागले.

मी काही मुद्दाम बघायला उभा नव्हतो. मांडवाशी सावली बरी होती एवढंच. वहिनी हळदीचे हात तसेच धरून, ओठ मिटून उभी. जाऊबाई सुमती तिला ढोसतेय, "अगं, ओरड की."

"मला मनाई हाय," वहिनी म्हणाली.

आणि धाडकन आवाज आला. फोनवरचं चित्र सुंदर खरं, पण क्षणभर शिळं. त्यात मांडवाचा खांब अजून हातभर लांब, ताठ उभा. इकडे तोच खांब बंपरवर वाकलेला आणि मांडवाची झालर सनरूफवर. डीजेवाल्यानं गाणं बंद केलं.

तानाजीराव फोनकडे बघत म्हणाले, "शेट, यात तर आपण अजून पोचलोच नाय."

भिवाजीनं काच खाली केली. "थांबा म्हणायचं ना गो."

वहिनीनं हळदीचं बोट ओठांवर ठेवलं.

"बरं, बोल आता. सगळ्यांसमोर सांगतो, बोल."

तेव्हा वहिनीनं पदराला हात पुसले. "व्याहीबोवा, तुमी उतरा. आणि तुमी, पुढं घ्या. हलू. हलू म्हटलं ना."

भिवाजीनं निमूट घेतली. विहीणबाई पदर खोचून वहिनीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, आमच्याकडेपण नवी गाडी यायचीय, शिकून घेते.