गावाचा नकाशा काढून घेणारे सर

अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुत्र्यालाही अहो-जाहो करणारा माणूस एकच, आणि तो माझ्या खोलीच्या वरच्या मजल्यावर राहायचा. पिंपळे गुरवच्या आमच्या बिल्डिंगीत त्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. जिन्यात कुत्रं आडवं पडलेलं असलं की सर थांबायचे, “जरा सरकता का?” म्हणायचे आणि ते सरकेपर्यंत पेपर वाचायचे. मी आठवीतून शाळा सोडून मराठवाड्यातून चाकणच्या कंपनीत आलेला. सुपरवायझरपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांसाठी मी ‘ए’. सर पहिल्यांदा ‘तुम्ही’ म्हणाले तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून.

सर कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले. त्यांच्या बरोबरीच्यांनी किल्ल्यांवर, लढायांवर पुस्तकं लिहिली, शाली घेतल्या. सरांनी तीस वर्षं एकच गोष्ट धरून ठेवली: आमच्या मराठवाड्यात कुठल्या गावानं दलितांची वस्ती जाळली, आणि आज त्या गावाला त्यातलं काय आठवतं. त्यापायी बढती हुकली. एका सरपंचानं तर त्यांना चहा पाजून स्वतः एसटीत बसवून दिलं. तेव्हापासून सरांचं म्हणणं, “गावातली माणसं गावात बोलत नाहीत. चाकणला येऊन बोलतात.” म्हणून ते कंपनीच्या बसथांब्यावर कोऱ्या कागदांची गुंडाळी घेऊन उभे राहायचे. माणूस आमच्या भागातला निघाला की, “गावाचा नकाशा काढून देता?” लोकांना वाटायचं, प्लॉटचा एजंट आहे. एकानं विचारलंसुद्धा, “काका, गुंठ्याला काय भाव चाललाय?” सरांनी त्याच्याकडूनही नकाशा काढून घेतला.

एकदा माझ्यापुढंही त्यांनी कागद ठेवला. मी देऊळ काढलं, शाळा, पार, आमचं घर. सरांनी घरामागच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“इथे?”

“तिथं काही नाही ओ सर.”

“बरं,” म्हणाले आणि चहा टाकायला उठले. दुसऱ्यांदा विचारायचं नाही, ही त्यांची सगळी पद्धत. पुढं चार महिने मी त्यांचं सिलिंडर वर चढवलं, दळण आणलं, आणि रोज धास्ती, की आज विचारतील. खरं सांगून टाकलं, तर या शहरात मला ‘तुम्ही’ म्हणणारा एकुलता एक माणूसही जाईल.

मग सरांनी सांगितलं, प्रकृतीमुळं मुलीकडं नागपूरला चाललोय. त्या रविवारी मी बोललो. घरामागची वस्ती पेटली त्या दुपारी दोन बाया पळत आमच्या दारात आल्या, आणि त्यांना बाहेरच ठेवून बापानं आतून कडी लावली. मी आठ वर्षांचा, त्याच्या मागं उभा होतो.

सरांनी पेन खाली ठेवलं. “हे मी असं लिहिणार नाही. वडिलांना विचारा. ते नको म्हणाले तर नको.” आणि जरा वेळानं, “तुम्ही जेवलात का?”

मी बापाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, “लिव्हा म्हणावं. माझं नाव बी लिव्हा.” आणि त्यानं मागच्या वस्तीतली घरं सांगायला सुरुवात केली, कुणाच्या शेजारी कोण, कुणाची लेक कुठं दिलेली, म्हातारं कोण होतं. अकरा घरं. कुठंच अडखळला नाही.

मी ते सगळं माझ्या वाकड्यातिकड्या अक्षरात उतरवून नागपूरला पाठवलं. वर आता आयटीतलं एक जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. जिन्यातलं कुत्रं मात्र त्यांना बघितलं की, ‘हाड्’ म्हणायच्या आत, आपणहून उठतं.