आबांचं कोरं धोतर

फैजपूरला कॉलेजात होतो तेव्हा मी सिंधूअक्कांच्या घरी खोली घेऊन राहायचो. मी धुळ्याकडचा, म्हणून दारात पाऊल टाकलं की आतून अक्कांचा आवाज यायचा, "धुयेवाल्या, पह्यले हात दाखव." दूधवाला असो की व्याही, हात बघितल्याशिवाय अक्का कुणाला आत घेत नसत. हाताला केळीचा चीक लागलेला असला तर रॉकेलचा बोळा पुढे करायच्या. त्यांचे यजमान, आबा, जन्मभर केळीच्या बागेत राबले आणि जन्मभर दारात बोलणी खाऊनच घरात आले. आबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण तपासणी काही थांबली नव्हती.

"हाताचा डाग निघते, कपड्याचा जलमभर राह्यते," असं त्या ज्याला त्याला सांगायच्या. मी पडलो कोरडवाहू गावचा. मला हे सगळं जरा फाजीलच वाटायचं.

त्या वर्षी माझ्या मावसभावाने, विलासने, धुळ्याला व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. दुकानाच्या पाटीसाठी त्याला गेममधल्या लढवय्याचा फोटो हवा होता: पांढरा पोशाख, हातात तलवार, भोवती जंगल. अंगापिंडाने बरा म्हणून लढवय्या मी, आणि जंगल म्हणजे अक्कांची केळीची बाग. पांढऱ्या कपड्यावाचून घोडं अडलं होतं. आमची चर्चा ऐकून अक्का उठल्या आणि पेटीतून एक कोरं धोतर काढून आणलं. मुलीच्या लग्नात नेसायला आबांनी घेतलेलं. लग्नाआधीच आबा गेले.

"जपून नेस," अक्का म्हणाल्या. "अन् कापायचं असलं तर पिलं काप. घडाच्या झाडाले हात लावू नको." केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं तशीही काढून टाकायचीच असतात.

कोयत्याला बेगड चिकटवून आम्ही तलवार केली होती. मी ती फिरवली, पील सपकन तुटलं आणि चीक धोतरावर उडाला. दिसायला अगदी पाणी. मी थबकलो तर कॅमेऱ्यामागून विलास म्हणाला, "पानीच शे ना भो, सुकी जाई. आखो एक काप." मग मी चेव येऊन कापत सुटलो. फोटो झकास आले.

घरी येईपर्यंत धोतर सुकलंही होतं. सकाळी घडी उलगडली तर मांडीपासून खाली तपकिरी डागच डाग. मागच्या अंगणात साबण घासत बसलो होतो, तेवढ्यात अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी धोतर माझ्या हातातून घेतलं आणि उन्हात धरून कितीतरी वेळ बघत राहिल्या. आता आपलं बोचकं बांधायचं, असं मी मनाशी धरलं.

"पेटी उघडली का हे धोतर परक्या मानसाचं वाटे," अक्का म्हणाल्या. "त्याईचं एकबी कापड असं पांढरं नव्हतं." डागांवरून हात फिरवत त्या हसल्या. "आता त्याईचं वाटते. घासू नको."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिथेच ओल्या दगडावर बसून राहिलो. ते धोतर अक्कांनी पुन्हा पेटीत ठेवलं नाही, रोज उशाला घेऊ लागल्या.

विलासचं दुकान पुढे बसलं. अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी फैजपूरला गेलो. दारात चप्पल काढली आणि सवयीने दोन्ही हात पुढे करून उभा राहिलो. अक्कांच्या मुलीने रडतारडता माझ्याकडे पाहिलं, मग माझे हात नीट उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "ये रे भो, आत ये."