यानातला एकमेव वऱ्हाडी

मित्रांनो, आज वणीत जिनिंग मिलबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग हलेना, म्हणून आम्ही अंतराळयानाच्या त्या मालिकेवर वाद घालत बसलो. कालच्या भागात यानातला मेकॅनिक गद्दार निघाला.

"मले पहिल्याच भागात समजलं होतं," गजूभाऊ म्हणाले. "साऱ्या यानात थो एकटाच आपल्यासारखा बोलते नं!"

सगळे खदाखदा हसले. त्यांची मुलगी पल्लवी तेवढी हसली नाही. पुढच्या पर्वातल्या कॅप्टनच्या भूमिकेसाठी उद्या तिची ऑडिशन आहे आणि ती वऱ्हाडीतच सराव करत होती.

"बाबा, उद्या मी पुण्यासारखंच बोलेन."

"हाव बाप्पा, तसंच कर."

मालिकावाल्यांना झोडपणारी पोस्ट मी लिहिणार होतो. पण हसलो तर आपणच. सांगा, मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा?